डार्करूमचा कूलर

२६ एप्रिल, मंगळवार

आज कम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं. स्क्रीनच्या कोपऱ्यात चारुतानं एक आकडा बसवून दिलाय, आतली चिप किती तापली ते सांगणारा. तो अठ्ठ्याण्णववर गेला, पंखा जिवाच्या आकांतानं ओरडला आणि सगळं काळं झालं. बाहेर चव्वेचाळीस होतं.

म्हणून ही वही काढली. कोणाजवळ तरी बोलायला हवं, आणि ह्यांच्याजवळ बोललं की ह्यांचं एकच, "मंग पाठवून दे नागपूरले."

ह्यांचा देवळीत फोटो स्टुडिओ आहे, एकतीस वर्षांचा. लग्नाचं शूटिंग हे करतात, आणि त्याची कापाकापी करून फिल्म आजवर नागपूरचा एक माणूस द्यायचा. चारुता, आमची लेक, नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा मोठा कम्प्युटर इथंच राहिला. हिवाळाभर तिनं मला फोनवरून एडिटिंग शिकवलं. एकावन्नाव्या वर्षी. जमलं, आणि खरं सांगायचं तर फार आवडलं. तीस वर्षं काउंटरवर बसून मी पासपोर्ट फोटो कात्रीनं कापले. हे पहिलं काम, ज्यासाठी मी सकाळी उठल्यावर आधी चहा ठेवायला विसरते.

ह्यांनी अट घातली. गावातल्या अंकिताचं लग्न झालंय, त्याची फिल्म तू कर. ती एकवीस मेला नवऱ्यासोबत बंगळुरूला जाणार, म्हणून वीसच्या संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्ह तिच्या आईच्या, गोपिकाबाईंच्या हातात पडला पाहिजे. पडला तर इथून पुढे सगळं एडिटिंग माझं. नाही पडला तर पुन्हा नागपूर. मी हो म्हटलं तेव्हा फेब्रुवारी होता. फेब्रुवारीत माणूस कशालाही हो म्हणतो.

२८ एप्रिल, गुरुवार

सगळा घोळ खोलीचा आहे. कम्प्युटर ठेवलाय जुन्या डार्करूममध्ये, जिथं हे पूर्वी फोटो धूत. खिडकी नाही, वर पत्रा. पण उजेड येत नाही म्हणून रंग खरे दिसतात, आणि दार लावता येतं. बाकी घर म्हणजे पुढचं दुकान, एक झोपायची खोली आणि स्वयंपाकघर. फोडणीच्या धुरात कम्प्युटर कोण ठेवील?

एसी लावावा तर दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की पंखाच कसाबसा फिरतो. कूलर आत लावला तर खिडकी नसल्यानं दमट होतं. परवा करून पाहिलं, भिंतीला घाम फुटला. रात्री बसावं म्हटलं तर पत्रा दोन वाजेपर्यंत आग ओकत असतो. आणि एकदा फिल्म जुळली की ती तयार व्हायला कम्प्युटर सलग आठ-नऊ तास चालावा लागतो. माझा सकाळी सहा ते अकरा चालतो.

हे सगळं चारुताला सांगितलं. ती म्हणाली, "आई, हवा आत आणू नको. पाणी आण." म्हणजे असं की चिपवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं, आणि तापलेलं पाणी बाहेर नेऊन थंड करायचं. ठोकळा तिनं लगेच कुरिअरनं पाठवला. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "करंटच्या मशीनमंदी पानी. वा."

३० एप्रिल, शनिवार

ठोकळा आला. काडेपेटीएवढा, दोन नळ्या असलेला. चारुता व्हिडिओ कॉलवर, मी पेचकस घेऊन. पोरगी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत होती आणि इथं बारीक पेच माझ्या हातून निसटत होते. दोन तास लागले, पण बसला. नळ्यांसाठी गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हलचा पाइप आणला आणि भिंतीतल्या जुन्या एक्झॉस्टच्या भोकातून बाहेर काढला.

बाहेर पाणी थंड कशात करायचं? माठात. हे काही मला पुण्याहून कोणी सांगायला नको. पण आमचा जुना माठ आता गार करत नाही, खारानं त्याची छिद्रं बुजलीत. घरात एकच कोरा माठ होता.

तो मी घ्यायला नको होता. तो अक्षय तृतीयेसाठी आणलेला होता. आमच्याकडे त्या दिवशी सासूबाईंच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर मांडतात, आणि तोवर नव्या माठाचं पाणी घरातलं कोणी तोंडी लावत नाही. आधी गेलेल्यांनी प्यायचं, मग आपण. तीनच दिवस राहिले होते. मी स्वतःला म्हटलं, आपण कुठे पितोय, कम्प्युटर पितोय. आणि कूलरचा छोटा पंप सोडला आत.

आकडा एकसष्टवर आला. मी डार्करूममध्ये एकटीच हसले.

१ मे, रविवार

हसू दोन तास टिकलं. मग आकडा सत्तर, ऐंशी, नव्वद. बाहेर जाऊन माठाला हात लावला तर कोमट. माठ हळू गार करतो, कम्प्युटर भराभर तापवतो. कम्प्युटरनं माठच तापवला.

तेवढ्यात हे मागच्या अंगणात आले आणि माठातून निघालेल्या नळ्या पाहून उभेच राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बोलणी बसलीच असती तर बरं झालं असतं, कारण चूक माझीच होती.

"हा मायचा माठ नोय का?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"माय कम्प्युटरचं पानी पेईन आता," म्हणाले, आणि हसत हसत आत गेले. मी मात्र जेवले नाही नीट. सासूबाई जिवंत असत्या तर त्यांनी मला सरळ विचारलं असतं, तुह्या कामाची घाई मोठी का मी मोठी?

३ मे, मंगळवार. अक्षय तृतीया

सकाळीच हे बाजारातून दुसरा माठ घेऊन आले, मी न सांगता. आज दोन लग्नांच्या ऑर्डर होत्या, त्याही नाकारल्या. ह्या वर्षी हे बऱ्याच ऑर्डर नाकारत आहेत. वय होतंय, उन्हात फिरवत नसेल.

घागर मांडली, वर आंबा ठेवला, सासूबाईंचं नाव घेतलं, चिंच-गुळाची चिंचवणी केली. तासाभरात पाटाखाली ओल दिसली. माठाला तळाजवळ बोटभर चीर. लहान मुलालाही दिसली असती.

"अहो, पाहून नाही का आणायचा? वाजवायचा तरी," मी म्हटलं.

"बाजारात गर्दी होती," हे म्हणाले, आणि चीर कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवली तेव्हा त्यांनी तिथं आपलं बोट फिरवलं. मग तांब्या मांडून भागवलं. सासूबाई तांब्यानंच पाणी पीत, त्या काही रुसणार नाहीत.

५ मे, गुरुवार

कवडूकडे गेले. कवडू कूलर दुरुस्त करतो, एप्रिल-मेमध्ये देवळीत त्याच्याएवढा भाव कोणाला नसतो. त्याला सगळं सांगितलं तर तो आधी पोटभर हसला.

"वयनी, लोकं माणसासाठी कूलर नेतेत. मशीनसाठी कोन नेते?"

"मी नेते. गरम पाणी भराभर गार कसं करायचं ते सांग."

मग मात्र तो गंभीर झाला. त्याचं म्हणणं असं की पाणी साचवून गार होत नाही, सांडून होतं. पाणी बारीक सांडायचं, त्यातून वारा काढायचा. कूलर दुसरं काय करतो? तो वारा गार करून आत फेकतो आणि खाली टाकीत उरलेलं गार पाणी कोणी विचारत नाही. "तुमी वारा फेका बाहेर, अन् पानी घ्या आत," म्हणाला. त्या माणसाला शाळेत कोणी सहावीच्या पुढे बसू दिलं नाही, हे मला माहीत आहे.

सहा इंची ड्रेनेजचा पाइप, चार फूट उभा. आत खस भरलेला. वरून झारीसारखं पाणी, खालून पंखा, तळाशी बादली. दिवसभर लागला. माझ्या साडीला पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे डाग पडले ते निघत नाहीत.

६ मे, शुक्रवार

पंचेचाळीस डिग्री. दुपारी अडीचला बादलीतलं पाणी हाताला फ्रीजच्या पाण्यासारखं लागलं. आकडा सत्तावन्न, आणि तिथंच थांबलेला. कोरडं ऊन जितकं जास्त तितकं पाणी जास्त गार, म्हणजे ज्या उन्हानं मला छळलं तेच आता कम्प्युटर गार ठेवतंय.

डार्करूममध्ये खसाचा वास येतो. मी दार लावून हळदीचा भाग जुळवला. ह्यांनी घेतलेली हळद काय सुंदर आहे. अंकिताच्या आत्यानं हळद लावता लावता हळूच स्वतःच्या गालाला लावून पाहिली, तेही ह्यांनी टिपलंय. कॅमेऱ्याची तीन कार्डं आहेत. पहिलं संपत आलं. चारुतानं शिकवल्याप्रमाणे मी क्रमानंच जाते, पुढचं आधी उघडत नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं हाय. तिसऱ्या कार्डातलं थोडकंच घेजो. त्यात काही खास नाई."

९ मे, सोमवार

आकडा पुन्हा ब्याऐंशी. पंप चालू, पंखा चालू, पण परतीच्या नळीतून पाण्याची धार करंगळीएवढीही नव्हती. ठोकळा काढून पाहिला तर आत पांढरा खार.

आमच्या बोरच्या पाण्यानं दर वर्षी कूलरची खस दगड होते. दर वर्षी मीच ती बदलते. आणि तेच पाणी मी त्या सुईएवढ्या वाटांमधून चार दिवस फिरवलं. काखेत कळसा तो हाच. पाणी उडून जातं, खार मागे राहतो.

ठोकळा लिंबाच्या रसात दोन तास बुडवून ठेवला. सहा लिंबं गेली, आणि ह्या दिवसांत लिंबं म्हणजे काय ते ज्यानं घेतली त्यालाच ठाऊक. खार सुटला. आता फिल्टरच्या पाण्याची कॅन आणते, एक दिवसाआड. ह्यांना म्हटलं, आपण बोरचं पिऊ, कम्प्युटर फिल्टरचं पिईल. हे म्हणाले, "जावई हाय तो."

१२ मे, गुरुवार

दुसरं कार्ड अर्धं झालं. भाजी आणायला गेले आणि परत आले तर कम्प्युटर बंद. पंप बंद होता. हे म्हणाले लाइट गेली होती.

१४ मे, शनिवार

पुन्हा तसंच. दुपारी डोळा लागला होता, उठले तर पंप बंद, कम्प्युटर काळा. दुसरं कार्ड संपायला दहाच मिनिटं उरली होती. लाइट गेलती, हे म्हणाले. फ्रीजमधला बर्फ मात्र टणक होता. एखादीच फेज गेली असेल, आमच्या गल्लीत तसं होतं.

सहा दिवस उरले. आता मी डार्करूम सोडत नाही. ताटसुद्धा आतच आणते.

१६ मे, सोमवार

तिसरं कार्ड उघडलं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणजे ह्या कार्डात सगळं संध्याकाळचं. मंगलाष्टकं, आहेर, पाठवणी. पहिली पाच मिनिटं मला वाटलं की स्क्रीनच बिघडली. मग वाटलं डोळे पुसावेत. पुसले. अंतरपाटामागे अंकिता धुक्यात. तिचा मामा तिच्या पाठीशी उभा, त्याला चेहराच नाही, नुसता लाल फेटा. आहेर देणारी माणसं एकेक येताहेत आणि सगळी पाण्याखाली असल्यासारखी. आणि आमच्याकडे तर लग्नाचा व्हिडिओ लोक लग्न पाहायला लावत नाहीत. आपण दिसतो का ते पाहायला लावतात. एखाद्या काकाचा आहेर दिसला नाही तर दहा वर्षं बोलणं बंद होतं.

पहिल्यांदा मला राग आला. एकतीस वर्षं कॅमेरा धरलेला माणूस, आणि असलं बेपर्वा काम. हे जुन्या वळणाचे, फोकस हातानं फिरवतात, त्यात आळस केला असेल. मी तो भाग पुन्हा लावला, ह्यांच्या चुका मोजायच्या म्हणून. आणि तेव्हा दिसलं की बाकी काहीही चुकलेलं नाही. कॅमेरा नेमका जिथं हवा तिथं. हात स्थिर. हार पडायच्या आधी हारावर. आळशी माणूस असं घेत नाही.

मला मग एकेक आठवायला लागलं. नाकारलेल्या ऑर्डरी. माठाची चीर. आणि बर्फ.

आकडा पंचावन्नवर होता. कम्प्युटर दिवसभर चालला.

१७ मे, मंगळवार

दुपारी ह्यांना आत बोलावलं. स्टुलावर बसवलं. मामाचा भाग लावला आणि विचारलं, "हे कोण?"

हे पुढे वाकले, नाक स्क्रीनला लागेपर्यंत. "नवरीचा मामा."

"चेहऱ्यावरून ओळखला?"

हे मागे सरले. "फेट्यावरून."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. उजव्यानं तं धुकंच दिसते. डाव्यानं दिवसा चालते, दिवे लागले का नाई." मग खाली पाहत म्हणाले, "पंप मी बंद केलता. दोनी वेळा."

मला ते ऐकायचं होतं आणि नव्हतंही. मी विचारलं, "काऊन?"

"नागपूरवाला काही इचारत नाई. धुकट दिसलं का वरून कम्प्युटरची फुलं उडवून झाकून देते. तू झाकणार नाई. तू पाहशीन." हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, मास्तरची बोलणी खाणाऱ्या पोरासारखे. "फोटोवाल्यालेच दिसत नाई म्हटलं, तं मंग माह्यापाशी राह्यलं काय?"

मी रडले. मग रागावले, आणि डोळ्यांपेक्षा पंपासाठी जास्त रागावले. म्हटलं, सहा लिंबं, कवडूचं हसणं, सासूबाईंचा माठ, एवढं करून मी मशीन थंड ठेवते आणि तुम्ही बटण दाबता. हे म्हणाले, "हो, दाबलं." त्यावर पुढे भांडता येईना.

संध्याकाळी चहा ह्यांनी केला. साखर दोनदा पडली होती, मी प्याले.

१८ मे, बुधवार

सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात ह्यांचे डोळे दाखवले. मोतीबिंदू, दोन्हीकडे. पिकलाय म्हणाले. दहा जूनला उजवा डोळा, मग डावा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढे दिवस काय करत होता? मी म्हटलं, लोकांची लग्नं टिपत होते.

तिथून आल्यावर ह्यांना डार्करूममध्ये शेजारी बसवलं. वर्ध्याचा साहिल त्या लग्नात फोटो काढायला होता, त्याचे सगळे फोटो लख्ख आहेत. मी एकेक आहेर लावत गेले आणि हे सांगत गेले, आता ह्याच्यानंतर काकू आली, तिच्यानंतर नवरदेवाचा मित्र, तो हसला तेव्हा फोटो टाक. आवाज कॅमेऱ्याचा, चेहरे साहिलचे. ह्यांना क्रम तोंडपाठ होता. मामाचा फोटो आठ सेकंद ठेवला. एक फूल उडवलं नाही.

रात्री फिल्म तयार व्हायला लावली, आणि दर तासाला उठून पंपाला हात लावायचं काम ह्यांनी स्वतःहून घेतलं.

२० मे, शुक्रवार

पेनड्राइव्ह दिला. गोपिकाबाईंनी आम्हाला तिथंच बसवून टीव्हीवर लावला. मला खुर्चीवर बसवेना. हळद झाली, वरात झाली, आणि संध्याकाळ आली तसे ह्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं.

मामाचा फोटो आला. गोपिकाबाई म्हणाल्या, "माह्या भावाले पह्यल्यांदाच कोनं इतकं नीट दाखवलं. नाई तं तो सगळ्यांच्या मागंच असते." आणि डोळ्याला पदर लावला. अंकितानं तो भाग तीन वेळा लावला.

घरी येताना हे रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "आता नागपूरले फोन करून सांगतो." मी म्हटलं, उद्या करा. म्हणाले, नाही, आजच.

२५ मे, बुधवार

आज पवनारला लग्न होतं. डोळ्याच्या ऑपरेशनआधीची शेवटची ऑर्डर, मोडता येत नव्हती. मी सोबत गेले. कॅमेरा ह्यांच्या खांद्यावर, आणि माझा हात लेन्सच्या फोकसच्या रिंगवर. दोन दिवस अंगणात कोंबड्यांवर सराव केला होता.

मंडपात कोणीतरी विचारलं, "मनोहरभाऊ, वयनी कायले आणल्या?" हे म्हणाले, "मालकीन हाय. मी नुसता उचलून राह्यलो." लोक हसले. मला आधी अवघडल्यासारखं झालं, मग नाही.

दिवे लागले. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, सगळे नवरा-नवरीकडे पाहत होते आणि मीही रिंग त्यांच्यावरच धरून होते. तेवढ्यात ह्यांनी कॅमेरा हळूच डावीकडे वळवला, मंडपाच्या खांबाकडे. तिथं मला काहीच दिसलं नाही, नुसता नवरीचा बाप उभा होता, हातात पाण्याचा जग घेऊन. मी कुजबुजले, "अहो, इकडे काय?"

"थांब," हे म्हणाले. "अक्षता पडल्या का बाप खांब धरते."

दोन श्वास गेले. मग त्या माणसानं जग खाली ठेवला, खांबाला पाठ टेकली आणि रडायला लागला. ह्यांना तो दिसत नव्हता. मी रिंग फिरवली, आणि त्याचा चेहरा स्वच्छ आला.